पावसाळ्यात गाडीत दोन वेगवेगळे वास : उगम कसा शोधायचा?

साखरपा_रोड

पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं जुनी. सनरूफ नाही, सीएनजी नाही. गाडी रत्नागिरीत उघड्यावर उभी असते. जून संपता संपता दोन वास सुरू झाले. पहिला, एसी लावला की मिनिटभर येणारा कुबट वास. मग तो कमी होतो. दुसरा, ऊन पडून गाडी तापली की मागच्या बाजूने येणारा आंबूस, उग्र वास. आतून शॅम्पू करून घेतला, डॅशबोर्डवर सुगंधी जेलची डबी ठेवली, तरी आठवड्याभरात दोन्ही परत. डिकीतून अधूनमधून मासळी येते. गॅरेजवाले म्हणतात, डॅशबोर्ड उतरवून कूलिंग कॉइल (एसीची हवा गार करणारा भाग) काढू. एवढा खर्च करण्याआधी घरी काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने?

---

बोनेट_उघडा

डॅशबोर्डला इतक्यात हात लावू देऊ नका. आणि ती जेलची डबी आजच बाहेर काढा. तिच्या वासाने शोध बिघडतो, दुसरं काही होत नाही.

वास *कधी* येतो ते तुम्ही नीट लिहिलंय, अर्धं निदान त्यातच आहे. ब्लोअर (हवा आत फेकणारा पंखा) सुरू होताच येणारा वास कॉइल, केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) किंवा हवेच्या मार्गातला. गाडी तापल्यावर येणारा वास कापड, फोम, कारपेट किंवा डिकीतला. पाऊस पडून गेल्यावरच येत असेल तर पाणी बाहेरून आत शिरतंय. म्हणजे तुमच्याकडे दोन स्वतंत्र कामं आहेत, एका उपायाने दोन्ही जाणार नाहीत.

जागा शोधायची पद्धत अशी. सगळे मॅट, कुशन, डिकीतलं सामान बाहेर. काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवा. रोज गाडीत बसणाऱ्याच्या नाकाला तो वास जाणवेनासा झालेला असतो, म्हणून हुंगायचं काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या. एका वेळी एकच दार उघडायचं आणि नाक खाली, कारपेटजवळ न्यायचं. सीटची शिवण, सीट आणि पाठ यांमधली फट, डिकीतल्या पुठ्ठ्याखालचा स्टेपनीचा खड्डा, हे सगळं वेगवेगळं तपासा. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याची पट्टी हुंगा. ही जागा जवळजवळ सगळेच विसरतात. ओल्या अंगाने लावलेला बेल्ट तसाच रीळमध्ये गुंडाळला जातो आणि आत बुरशी धरते. सौम्य साबणाच्या पाण्याने पट्टी पुसायची आणि पूर्ण सुकेपर्यंत चिमट्याने बाहेर अडकवून ठेवायची.

मग ओल तपासा. पुढे डावीकडे पाय ठेवतात तिथे कारपेटवर वर्तमानपत्राची जाड घडी ठेवून त्यावर पूर्ण वजनाने मिनिटभर उभे राहा. वरून हात लावून काही कळत नाही. कारपेटच्या खाली फेल्टचा किंवा स्पंजचा जाड थर असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि वरचं कापड मात्र कोरडं लागतं. शॅम्पू-वॉशनंतर वास परत येतो तो बहुतेकदा यामुळेच. वरून ओतलेलं पाणी त्या थरात उतरतं, व्हॅक्यूमने तेवढं निघत नाही, आणि असलेल्या ओलीत भर पडते.

---

थंड_झोत

पहिल्या वासाबद्दल. कॉइलवर हवेतला दमटपणा पाणी होऊन साचतो. एसी चालू असताना कॉइल ओली राहणं स्वाभाविक आहे. बिघडतं ते गाडी बंद केल्यावर. ओल्या कॉइलवर धूळ असते, हवा हलत नाही, बुरशी वाढते, आणि पुढच्या वेळी ब्लोअरचा पहिला झोत तो वास घेऊन येतो.

आधी केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली झुकतो, मागे फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर काळा, ओला किंवा वास येणारा असेल तर बदला. कागदी फिल्टर धुऊन परत घालू नका, त्याच्या घड्या बसतात आणि आत ओल राहते. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने हवा. जुना काढतानाच त्याची दिशा बघून ठेवा. साधारण १०,००० ते १५,००० किमी किंवा वर्षातून एकदा बदलतात. कोकणात तो पावसाळा संपल्यावर बदलणं सोयीचं.

मग एसीची ड्रेन नळी, म्हणजे कॉइलवर साचलेलं पाणी गाडीखाली सोडणारी नळी. गाडी सपाट जागी, एसी २० मिनिटं चालू ठेवा, नंतर गाडीखाली बघा. या हवेत पाणी टपटप पडायलाच हवं. पडत नसेल तर नळी बहुधा चिखलाने किंवा पानांच्या चोथ्याने बुजली आहे, आणि ते पाणी पुढच्या डाव्या सीटसमोरच्या कारपेटमध्ये उतरतंय. नळीचं टोक इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून, बहुधा डाव्या बाजूला किंवा मध्यावर, खाली निघतं. खालून मऊ नायलॉनची तार हलकेच घाला. टोकदार लोखंडी तार नको, कॉइलला भोक पडलं तर गॅस गेला. कॉम्प्रेसरची हवा पूर्ण दाबाने मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

कॉइल स्वच्छ करायला फोम येणारा एसी क्लीनर मिळतो, सोबत लांब नळी असते. गाडी बंद, फिल्टर काढलेला, नळी फिल्टरच्या खाचेतून कॉइलच्या दिशेने किंवा खालून ड्रेनमधून. ब्लोअरच्या मोटरवर फोम जाता कामा नये. १५-२० मिनिटं थांबा. घाण पाणी खाली गळू लागेल. मग एसी न लावता ब्लोअर मधल्या वेगावर, बाहेरची हवा आत घेणाऱ्या मोडवर, सगळी दारं उघडी ठेवून दहा मिनिटं चालवा. त्यानंतरच नवा फिल्टर घाला. डॅशबोर्डच्या जाळीतून वरून मारायचा सुगंधी स्प्रे कॉइलपर्यंत पोचत नाही. ब्लीच, अ‍ॅसिड, व्हिनेगर यांपैकी काहीही कॉइलवर नको, अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पापुद्रे खराब होतात.

आणि रोजची सवय : मुक्कामाच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, हवा बाहेरची. कॉइल सुकून मग गाडी थांबते. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कोणत्याही बाटलीने पडत नाही.

---

साखरपा_रोड

दोघांचेही आभार. वर्तमानपत्र चिंब झालं, पुढे डावीकडेच. मागे कोरडं. पाणी स्वच्छ आहे, चिकट नाही. एसीचं पाणी खाली पडतंय, पण अगदी कमी. हे एसीचं पाणी की पावसाचं, कसं ओळखावं? डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी नाही, पण पुठ्ठ्याखालच्या फेल्टवर तपकिरी कडा असलेला डाग आहे आणि उग्र वास तिथेच आहे.

---

चौदाचा_पाना

चिकट नाही हे बरं झालं. गोडसर वास, बोटांना बुळबुळीत लागणारं पाणी, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं आणि कमी होणारा कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), ही हीटर कॉइल, म्हणजे त्याच गरम कूलंटवर केबिनची हवा तापवणारा भाग, गळण्याची खूण असते. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

ड्रेन मोकळी करून कारपेट सुकवा, मग कोरड्या दिवशी गाडी एसी लावून चालवा. ओलं झालं तर एसी. एसी न लावता पावसात उभी ठेवल्यावर ओलं झालं तर बाहेरचं पाणी. दोन्ही एकदम असू शकतं.

बाहेरच्या पाण्याचे दोन मुख्य रस्ते. वायपरखालच्या काळ्या जाळीत पानं साचतात, तिथलं पाणी बाजूने निचरा होण्याऐवजी ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. बोनेट उघडून पानं हाताने काढा आणि मगभर पाणी ओता. ते चाकाजवळून लगेच खाली पडलं पाहिजे. दुसरा रस्ता दाराचा. काचेलगतच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या आत जातंच, ते चूक नाही. दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून ते बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने बुजली की दार हलवल्यावर आत पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. काडीने मोकळी करा. दाराच्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर किंवा काचेची मशीन बदलताना हा कागद फाडतात आणि तसाच ठेवतात. पुन्हा चिकटवायला ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) वापरा, आणि कागदाची खालची कड मूळ होती तशीच बसवा, म्हणजे पाणी दाराच्या आतच ओघळेल.

पाइपने तपासताना पाण्याची साधी धार, प्रेशर नाही. प्रेशर वॉशरने पाणी अशा जागी घुसतं जिथे पाऊस कधीच घुसत नाही. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने खालून वर जावं : आधी दाराचा तळ, मग काच, मग वायपरची जाळी, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि भेग कुठे ते कळत नाही.

सुकवण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोक इथेच घाई करतात. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढून काढा, ती क्लिपांवर असते. बहुतेकदा कारपेटची कड एवढ्यानेच उचलता येते. नाही आली तर सीट काढावी लागते. बऱ्याच गाड्यांत १४ च्या पान्याने सुटणारे चार बोल्ट असतात. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबा, मगच तो सोडवा. तो सुटा असताना चावी फिरवायची नाही, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून राहतो. उचललेल्या कारपेटखाली लाकडाचे ठोकळे घाला, पाणी ओढणाऱ्या (वेट) व्हॅक्यूमने फेल्टमधलं पाणी जेवढं निघेल तेवढं काढा, मग टेबलफॅन. जुलैच्या दमट हवेत नुसत्या पंख्याने फेल्ट सुकायला फार वेळ लागतो. सीट परत बसवून कनेक्टर जोडले की काचा बंद, एसी चालू, तापमान पूर्ण गरम, हवा पायांकडे, असं अर्धा तास चालवा. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर ती कोरडी हवा तापवतो. हे उघड्या जागीच करा, बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. फेल्ट काळा पडून भुगा होत असेल तर वाचवू नका, तेवढा तुकडा कापून नवा घाला. कारपेटखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर दिसला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा.

---

पापलेट_आणि_पेट्रोल

तपकिरी कडेचा डाग म्हणजे मासळीचं पाणी फेल्टमध्ये मुरलंय. त्या वासातला मुख्य पदार्थ आम्लारीधर्मी असतो, म्हणून आम्ल चालतं. पण आधी घाण काढायची, मग आम्ल.

शक्य असेल तर फेल्ट गाडीबाहेर काढा. थंड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून फडक्याने टिपा, घासू नका. गरम पाणी अजिबात नको, त्यात प्रथिनं गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, डागाच्या कडेपलीकडे चार बोटं जाईल इतकं फवारा. १५ मिनिटांनी साध्या पाण्याने टिपून घ्या. त्यानंतर एन्झाइम क्लीनर, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मूत्राच्या डागांसाठी मिळतो तो. बाटलीवर लिहिलेला वेळ तो ओला राहिला पाहिजे, म्हणून वर प्लास्टिक झाका. त्यात फिनेल किंवा ब्लीच मिसळलं की एन्झाइम निकामी. शेवटी पूर्ण सुकवा. सुकल्यावर थोडा वास उरलाच तर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि व्हॅक्यूम करा. सोडा आणि व्हिनेगर एकदम वापरू नका, दोघं एकमेकांना मारतात.

दूध सांडलं असेल तर क्रम वेगळा. तिथे व्हिनेगर आधी टाकलं तर दूध फोममध्येच फाटतं आणि काढणं आणखी अवघड. थंड पाणी, टिपणं, एन्झाइम, बस.

पुढच्या वेळेपासून मासळी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत. पिशवीवर पिशवी घातली तरी बर्फाचं पाणी झिरपतंच.

---

साखरपा_रोड

फिल्टर काढला. त्यावर पानांचा चुरा, कापसासारखं काहीतरी आणि उंदराच्या लेंड्या. हे हातांनी काढायचं का?

---

बोनेट_उघडा

उघड्या हातांनी नाही. कोकणात पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) साथ असते आणि उंदराच्या मूत्रातून ती पसरते. रबरी हातमोजे, मास्क, पायात बंद चपला. कोरडं झाडू नका, ब्लोअर चालू करू नका. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, हे घरट्यावर फवारून दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून दोन पिशव्यांत बांधा. हे पाणी फिल्टरच्या प्लास्टिक खोक्यात चालेल, कॉइलच्या बाजूला जाऊ देऊ नका. फिल्टर टाकून द्या. टॉर्चने ब्लोअरच्या पंख्यात बघा, मेलेला उंदीर बरेचदा तिथेच असतो आणि ब्लोअर लावल्यावर सडका वास वाढतो.

कॉइलचा फोम या सफाईनंतर, आधी नाही. उंदराचा आत यायचा रस्ता बहुधा वायपरखालच्या हवेच्या तोंडाचा असतो. तिथे ५ मिमीपेक्षा मोठी छिद्रं नसलेली स्टेनलेस जाळी चारी कडांनी घट्ट बसवा. तिच्यावरही पानं साचणार, तेव्हा पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बोनेट उघडून साफ करा.

---

चौदाचा_पाना

हा धागा इतरही वाचतील म्हणून दोन गोष्टी. सीएनजी गाडीत सडलेल्या कोबीसारखा वास आला तर हुंगत शोधत बसू नका. गाडी मोकळ्यावर थांबवा, इंजिन बंद, दारं उघडी, सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद, आणि अधिकृत केंद्राला कळवा. सिलिंडरची दर ३ वर्षांची चाचणी उलटून गेली नाही ना, तेही बघा.

वास घालवायला गाडीत ओझोन वायू सोडणारे ओझोन मशीनवाले येतील. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, मशीन चालू असताना आत माणूस किंवा प्राणी नको, आणि नंतर सगळी दारं उघडून किमान तासभर हवा खेळू द्यावी. ओल्या फेल्टच्या खालपर्यंत तो पोचत नाही. सिगारेटच्या जुन्या वासाला उपयोगी आहे, तोही काचा आणि प्लास्टिकवरचा चिकट थर पुसून काढल्यावर. छताचं कापड मात्र ओलं करू नका, मागचा गोंद सुटून ते लोंबतं.

---

साखरपा_रोड

ड्रेन नळीतून बोटभर चिखल निघाला, आता पाणी धारेने पडतंय. सीट काढायची गरज पडली नाही. कारपेट उचलून ठेवलंय, फेल्ट अजून दमट आहे. सुकलं हे कशावरून ठरवू?

---

चौदाचा_पाना

फेल्टवर जाड टिशू पेपर ठेवा, वर वीट, रात्रभर. सकाळी टिशू कडक आणि कोरडा असेल तर कारपेट बसवा. जरासाही मऊ लागला तर अजून एक दिवस पंखा.