मूलनिवासी तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठीचा निधी कोणाच्या हाती असावा?

मूळ मुद्दा

कॅनडातील मूलनिवासी तरुणांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की तज्ज्ञांची संख्या वाढवण्याची मागणी सर्वांत आधी होते. मला ती अपुरी वाटते. एप्रिल २०१६ मध्ये उत्तर ऑन्टारिओ प्रांतातील अटावापिस्काट या, क्री नावाच्या मूलनिवासी समाजाच्या वस्तीने तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नांमुळे आणीबाणी जाहीर केली, तेव्हा बाहेरून पथके धावली. पथके यायलाच हवीत, पण ती परत जातात. बारमाही रस्ता नसलेल्या वस्तीत समुपदेशक लहान विमानाने येतो, हवा बिघडली तर येतही नाही, आणि पुढच्या खेपेला बहुधा माणूसच बदललेला असतो. भाऊ गमावलेल्या मुलीने आपले दुःख तिसऱ्यांदा, तिसऱ्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगायचे, याला उपचार कसे म्हणावे?

मायकेल चँडलर आणि क्रिस्टोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील मूलनिवासी वस्त्यांमधील तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन, जमिनीचे दावे, स्वशासन आणि सांस्कृतिक केंद्रे यांपैकी किती गोष्टी वस्तीने स्वतःकडे घेतल्या आहेत, हे त्यांनी पाहिले. ज्या वस्त्यांत या सहाही गोष्टी होत्या, तिथे अभ्यासाच्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. म्हणून निधी अनेक वर्षांसाठी आणि थेट वस्तीकडे द्यावा, आणि स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन पगारावर नेमावे, असे माझे मत आहे. वस्तीची स्वतःची संस्कृती हाही उपचारच आहे.

प्रतिसाद १ (असहमत)

तुमची कळकळ पटते, निष्कर्ष पटत नाही. ज्या वस्त्यांची घडी मुळातच नीट बसलेली आहे, त्याच स्वशासन मिळवू शकल्या असतील. तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे त्या अभ्यासावरून ठरत नाही. त्याहून मोठी अडचण गुप्ततेची आहे. काहीशे लोकांच्या वस्तीत समुपदेशक म्हणजे कोणाची तरी मावशी असते, आणि त्रास देणारा माणूस घरातलाच असेल तर मुलगी तिच्याकडे जाणार नाही. तिला अनोळखी माणूसच हवा असतो. भ्रम होणाऱ्या, आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला औषध लागते, आणि ते डॉक्टरच देऊ शकतो. संस्कृती म्हणजे उपचार, असे सरसकट म्हणणे मला धोक्याचे वाटते.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

गुप्ततेचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. वस्तीबाहेरच्या माणसाशी दूरध्वनीवर बोलण्याची सोय कायम राहिलीच पाहिजे. कॅनडातील मूलनिवासींसाठीची ‘होप फॉर वेलनेस’ ही दूरध्वनी मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि मागणीनुसार क्री, ओजिब्वे व इनुक्टिटूट या मूलनिवासी भाषांतही बोलते. डॉक्टर नकोत, असेही माझे म्हणणे नाही. त्यांना नेमण्याचा आणि त्यांच्या कामाचा हिशेब मागण्याचा अधिकार वस्तीकडे असावा, एवढाच माझा आग्रह आहे. ब्रिटिश कोलंबियात २०१३ पासून फर्स्ट नेशन्सचे (कॅनडातील मूलनिवासींच्या एका मोठ्या गटाचे) स्वतःचे आरोग्य प्राधिकरण कारभार पाहते, म्हणजे ही कल्पना केवळ कागदावरची नाही.

संस्कृतीबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. क्युबेकमधील क्री वस्त्यांत वसंतात हंसांच्या शिकारीसाठी शाळांना सुट्टी असते. आजीशेजारी बसून पिसे काढताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, आणि एरवी गप्प राहणारा मुलगा अशा वेळी बोलू शकतो. मूलनिवासी मुलांना त्यांची भाषा व संस्कृती विसरायला लावणाऱ्या पूर्वीच्या निवासी शाळांनी दीड लाखांहून अधिक मुलांना घरापासून तोडले, तेव्हा नेमके हे शेजारी बसणेच तुटले होते.

प्रतिसाद २ (अंशतः सहमत)

दोघेही वस्तीतल्याच तरुणांबद्दल बोलत आहात. मूलनिवासींचा मोठा वर्ग शहरांत राहतो, आणि त्याला ना आजी जवळ, ना वस्तीचा निधी लागू. शहरांतील ‘फ्रेंडशिप सेंटर’ ही मूलनिवासींची सामुदायिक केंद्रे अशा तरुणांना एकत्र आणतात, परंतु निधी केवळ वस्तीच्या नावे वाटला गेला तर ही केंद्रे कोरडी राहतील. तुमच्या मागणीत त्यांचे नाव स्वतंत्रपणे लिहावे, मग माझा तिला पाठिंबा आहे.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

हे माझ्याकडून सुटलेच होते. मागणीत शहरांतील केंद्रांचा स्वतंत्र उल्लेख असावा, हे मला मान्य आहे.