'अभ्यास', 'मनन' की 'रवंथ'? पवित्र शास्त्राच्या प्रार्थनापूर्वक वाचनाला काय म्हणावे?

प्रश्न

आमच्या मंडळीत साठीपुढच्या सभासदांसाठी बुधवारी दुपारी एक वर्ग सुरू करायचा आहे. त्यात पवित्र शास्त्रातील लहानसा उतारा घेऊन तो सावकाश, शब्दाशब्दाशी थांबत आणि प्रार्थना करीत वाचायचा, एवढाच बेत आहे. पत्रकावर मी 'बायबल अभ्यास' असे लिहिले, तर एका आजींनी ते माझ्या हातात परत दिले आणि म्हणाल्या, "शाळा सोडून साठ वर्षं झाली, आता कसला अभ्यास? परीक्षा घेणार आहात का?" 'मनन' लिहावे तर लोकांना डोळे मिटून गप्प बसणे आठवते, आणि 'पठण' म्हटले की अर्थाकडे न पाहता म्हणून टाकणे. नेमका शब्द कोणता?

प्रतिसाद १

आजींना वाटलेली भीती 'अभ्यास' या शब्दाची नसून त्याला शाळेने चिकटवलेल्या अर्थाची आहे. संस्कृतात अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे; व्याकरणातही धातूचे द्वित्व होते तेव्हा त्यातील पहिल्या भागाला 'अभ्यास' अशीच संज्ञा आहे. गवई रोज पहाटे तोच पलटा घेतो तेव्हा त्याला परीक्षा द्यायची नसते. त्या अर्थाने आपला वर्ग हा अभ्यासच आहे, परंतु पत्रकावर एवढे समजावून सांगायला जागा कोठे असते?

'मनन' या शब्दाबाबत मात्र थोडे खोलात जावे लागेल. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुष नियमशास्त्राचे रात्रंदिवस 'मनन करतो' असे आपण वाचतो. मूळ हिब्रू क्रियापद 'हागा' हे आहे आणि त्यात आवाज आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायात भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तेच क्रियापद येते, तर अडतिसाव्या अध्यायात आजारातून उठलेला हिज्कीया राजा आपण पारव्यासारखे घुमत होतो असे म्हणतो, तेथेही तेच. गंमत अशी की दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत लोक 'व्यर्थ योजना' करतात, तेथेही मुळात 'हागा' आहे. म्हणजे एका स्तोत्रात नीतिमान पुटपुटतो आणि लगेच पुढच्यात बंडखोर पुटपुटतात. मराठीत एकीकडे 'मनन' आणि दुसरीकडे 'योजना' आल्यामुळे हा दुवा वाचकाला दिसत नाही. यात भाषांतरकारांचा दोष नाही, कारण दोन्ही ठिकाणी शोभेल असा एक शब्द मलाही सुचत नाही. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याला मिळालेल्या आज्ञेत तर ग्रंथ मुखातून ढळू नये आणि त्याचे मनन व्हावे, या दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत.

आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन (म्हणजे सतत ध्यास) असा क्रम रूढ असल्याने 'मनन' ही ऐकून झाल्यानंतर मनात चालणारी क्रिया ठरली. त्यामुळे हिब्रू शब्दातले ओठ मराठीत हरवले. 'वाचणे' या आपल्या साध्या शब्दात ते अजून आहेत, कारण तो 'वाच्' म्हणजे बोलणे यावरून आला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि ते फिलिप्पाला धावत जाताना ऐकू आले. मनातल्या मनात वाचणाऱ्याचे कोणाला काय ऐकू येणार?

मला विचाराल तर या कामासाठी सर्वांत जवळचा मराठी शब्द 'रवंथ' हा आहे. संस्कृत 'रोमन्थ' पासून आलेला हा शब्द पश्चिमेकडील मठांतल्या जुन्या परंपरेशी थेट जुळतो. बाराव्या शतकातील कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघाचा मठाधिपती दुसरा गिगो याने वाचन म्हणजे घास तोंडात घेणे, मनन म्हणजे तो चावणे, प्रार्थना म्हणजे त्याची चव काढणे आणि चौथी पायरी, म्हणजे ईश्वराचे निःशब्द ध्यान, ही ती गोडीच, असे सांगितले होते.

प्रतिसाद २

रवंथाची कल्पना सुंदर आहे. पण आज मराठीत 'जुन्या आठवणींचा रवंथ' असे आपण काहीशा तुच्छतेनेच म्हणतो, आणि पत्रकावर तो शब्द पाहून लोक हसतील. तरीही वर्गात तो अवश्य सांगावा. आमच्या घरी म्हैस होती. दुपारी ती चिंचेखाली बसली की जबडा आडवा फिरत राहायचा, मग घास गिळल्यावर क्षणभर सगळे थांबायचे, आणि मानेतून दुसरा गोळा वर येताना स्पष्ट दिसायचा. वचन वाचताना मधली ती क्षणभराची थांबण्याची जागाच आपण हल्ली गाळतो.

वयाबद्दल एक सांगावेसे वाटते. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, १९२२ साली मृत्यूच्या थोडेच आधी त्यांनी ते काम पुरे केले. आपल्या आजींना हिब्रू शिकायची नाही, एक स्तोत्र मोठ्याने वाचायचे आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचाही आभारी आहे. शीर्षक 'वचनाचे सावकाश वाचन' असे ठेवतो आणि खाली लहान अक्षरांत 'परीक्षा नाही' असेही छापतो. पहिल्या बुधवारी पहिले स्तोत्र घेऊन सर्वांनी ते हळू आवाजात, ओठ हलवत, तीनदा वाचावे असे ठरवले आहे. ज्यांना अक्षरे दिसत नाहीत त्या शेजारचीचे ऐकून म्हणतील.

प्रतिसाद १

उत्तम. छापण्यापूर्वी एक तपासून घ्यावे: मजकुरात कोठे 'वचनावर मनन' असे आले असेल तर ते 'वचनाचे मनन' असे करावे. इंग्रजीतून आलेला हा 'वर' हल्ली प्रवचनांतून फार ऐकू येतो, परंतु मराठीत एखाद्या गोष्टीचे मनन करतात, तिच्यावर नाही.