विषय: लान्झारोटे (स्पेनचं कॅनरी बेट) बस टूर – कोणती गुहा? (शुक्रवारपर्यंत उत्तर हवं)

मेधा:
मंडळी, बसवाला थांबलाय. सकाळी टिमानफायाचं ज्वालामुखी पार्क, मग ला हेरियाचे द्राक्षमळे, दुपारी उत्तरेला एकच गुहा बसते: क्वेवा दे लोस वेर्देस किंवा हामेओस देल आग्वा. अण्णांचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत. फक्त गुहेचं नाव कळवा, फाटे फोडू नका.

संदीप:
बस हवीच कशाला? भाड्याच्या गाड्या घेऊ, आपल्या मर्जीने फिरू. मागच्या सहलीत त्या गाइडने दुकानांतच किती वेळ घालवला, आठवतंय ना?

श्रीकांत:
संदीप, टिमानफायात आपली गाडी फक्त पार्किंगपर्यंत. पुढचा चौदा किलोमीटरचा फेरा पार्कच्या बसमधून, आणि मधे कुठेही उतरू देत नाहीत. त्या पार्किंगसाठीही खाली रांग. आम्ही ईस्टरला रांगेतच डबे उघडले. टूरची बस मात्र तीच आत फिरते.

वैशाली:
उतरायचंच नाही तर बघायचं काय?

श्रीकांत:
वैशाली, 1730 ते 1736 असा सहा वर्षं उद्रेक चालला होता, त्याचा लाव्हा काचेतूनही पुरेसा दिसतो. वरच्या थांब्यावर उतरतात की. तिथला माणूस नळीत बादलीभर पाणी ओततो आणि मागे सरकतो न सरकतो तोच वाफेचा फवारा उसळतो. खड्ड्यात वाळक्या काटक्या टाकल्या की आपोआप पेट घेतात. शेजारच्या हॉटेलात जमिनीच्या आचेवर कोंबडी भाजतात.

वैशाली:
गुरुवार आहे माझा.

मीनलताई:
मिठात उकडलेले बारके बटाटे मिळतात गं, लाल-हिरव्या चटणीबरोबर. उपाशी राहणार नाहीस. पण उंटाची फेरी यादीत असेल तर माझं नाव काढा. कुबडाच्या दोन बाजूंना खुर्च्या बांधून माणसं बसवतात, बघवत नाही.

शैलेश:
उंट राहू दे, ला हेरियाला अर्धाच तास? काळ्या राखेत खड्डे खणून एकेक वेल लावलीय, वाऱ्याकडून अर्धगोल दगडी बांध. पाऊस नावाला, रात्रीचं दव राख धरून ठेवते. निफाडच्या मामांना फोटो पाठवला तर म्हणाले, "ट्रॅक्टर कुठून घालतात?" कुठूनच नाही, सगळं हाताने. एक तास ठेवा.

मेधा:
गुहा!!

श्रीकांत:
दोन्ही ला कोरोना ज्वालामुखीच्या एकाच लाव्हानळीचे भाग आहेत. वेर्देस गाइडबरोबर, जवळजवळ तासभर. काही ठिकाणी चांगलं वाकावं लागतं, दमलं म्हणून मधेच बसता येत नाही. पूर्वी समुद्री चाचे आले की गावकरी तिथे लपत. हामेओसलाही पायऱ्या आहेतच, पण आपल्या चालीने उतरता येतं. खालच्या तळ्यात पांढरे आंधळे खेकडे आहेत. पाणी दिसलं की नाणं टाकणाऱ्यांना आधीच सांगा, धातूने ते मरतात. बाकी बाग, पांढरा तलाव वगैरे कलाकार सेझार मान्रिकेची कामगिरी. माझं मत हामेओस.

निनाद:
वेर्देस! शेवटी गाइड जे दाखवतो ना, ते

मीनलताई:
निनाद, एक अक्षर पुढे लिहू नकोस.

अण्णा:
माझे गुडघे सार्वजनिक केल्याबद्दल आभार. मी हामेओसला जाईन, पण माझ्यापायी पोरांची गुहा बुडवू नका. दोन्ही ठिकाणं बसने काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. पोरांना वेर्देसला सोडा, बस आम्हाला पुढे नेईल, तासाभराने त्यांना घेऊन येईल.

मेधा:
अण्णा, हे बसवाल्याला आत्ताच विचारते. वेर्देसवाल्यांनी आज रात्रीपर्यंत नावं द्या.

संदीप:
मी वेर्देस. आणि मग गाड्या नकोतच का?

खजिनदार (सुहास):
दोन गट म्हणजे दोन प्रकारची तिकिटं. ज्याने त्याने आपली काढायची, मंडळाच्या खात्यातून फक्त बसचे पैसे जातील. मागच्या वेळचा हिशोब अजून काहींकडून यायचाय. नावं इथे घेत नाही.

वैशाली:
मीनलताई, त्या बटाट्यांना लसूण असतो का?