अनुभव धागा : भाषांतर हाती आल्यानंतरची बहुभाषिक वेबसाइट

आंतरराष्ट्रीय व्यवसायाची वेबसाइट अनेक भाषांत आणणे म्हणजे मजकुराचे भाषांतर करून घेणे, असा समज काम सुरू होताना बहुतेक ठिकाणी असतो आणि अंदाजपत्रकही त्याच समजावर आखले जाते. प्रत्यक्षात कोणत्या देशात काय दाखवायचे, ते कोणी ठरवायचे आणि मूळ पान बदलल्यावर बाकीच्या आवृत्त्यांचे काय करायचे, हे प्रश्न भाषांतर हाती आल्यावरच उभे राहतात. अशा वेबसाइटी ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांनी या टप्प्यावरचे अनुभव लिहावेत, ही विनंती. साधनांच्या नुसत्या शिफारशींपेक्षा काय अडले आणि ते कसे सुटले, हे वाचायला आवडेल.

सुरुवात मीच करतो. औद्योगिक उपकरणे विकणाऱ्या एका कंपनीच्या आशयाची जबाबदारी माझ्याकडे होती. इंग्रजी पाने उत्पादन विभाग मनाला येईल तेव्हा बदलत असे आणि इतर भाषांतील पाने जुन्याच अटी सांगत राहत; जर्मन पानावर हमीची मुदत एक आणि इंग्रजीवर दुसरी, अशी स्थिती ग्राहकानेच दाखवून दिली. त्यानंतर प्रत्येक भाषांतरित पानासोबत ते मूळ मजकुराच्या कोणत्या आवृत्तीवरून केले आहे याची नोंद ठेवली आणि पानांचे वर्ग पाडले. सुरक्षा, हमी व किमती यांतील बदल सर्व भाषांत एकाच वेळी प्रसिद्ध होत. बातम्या आणि लेख मात्र जिथे सांभाळणारा माणूस आहे तिथेच ठेवले. एखादे पान सर्व भाषांत असलेच पाहिजे, हा आग्रह सोडणे सगळ्यात कठीण गेले, कारण विक्री विभागाला पानांची संख्या दाखवायची असते.

विकसक या नात्याने लिहिते. शिळा मजकूर निदान दिसतो तरी. आमचा प्रश्न बराच काळ कोणाला दिसलाच नाही. अभ्यागताच्या आयपी पत्त्यावरून देश ओळखून त्याला परस्पर त्या देशाच्या आवृत्तीत नेण्याची सोय व्यवस्थापनाने मोठ्या हौसेने करून घेतली होती. मात्र गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधनिकालांसाठी पाने आपोआप वाचत फिरणारा प्रोग्रॅम, मुख्यतः अमेरिकेतील पत्त्यांवरून येतो, त्यामुळे त्याला अमेरिकी आवृत्तीच मिळत राहिली आणि इतर पाने शोधनिकालांत येईनात. युरोपीय संघात तर हा कायद्याचाही विषय आहे : ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या जिओब्लॉकिंगविषयक (ग्राहकाला त्याच्या देशावरून अडवण्याविषयीच्या) नियमानुसार ग्राहकाला त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय असे दुसऱ्या आवृत्तीकडे वळवता येत नाही. आम्ही ही सोय काढून पानाच्या माथ्यावर केवळ सूचनेची पट्टी ठेवली आणि ग्राहकाने केलेली निवड लक्षात ठेवू लागलो. भाषा आणि देश या निवडीही वेगळ्या केल्या. झेंड्यांची चित्रे काढून टाकली, कारण चार राष्ट्रीय भाषा असलेल्या स्वित्झर्लंडचा झेंडा नेमक्या कोणत्या भाषेकडे नेणार, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. गूगलने २०११ मध्ये आणलेल्या एचरेफलँग खुणांबाबत (एकाच पानाच्या इतर भाषांतील आवृत्त्या कोणत्या, हे शोधयंत्राला सांगणाऱ्या कोडमधील खुणा) एवढेच सांगते की, दोन पानांनी एकमेकांचा उल्लेख केला नाही तर ती जोडी ग्राह्य धरली जात नाही. पाने वाढली की हे हाताने सांभाळता येत नाही. ते साइटमॅपमधूनच (शोधयंत्रासाठी ठेवलेली वेबसाइटच्या पानांची यादी) आपोआप तयार व्हावे.

माझे काम मांडणीचे. अरबी आवृत्ती करताना संपूर्ण पान आरशातल्यासारखे उलटवले की झाले, असे गृहीत धरले जाते. वास्तविक मागे-पुढे जाण्याचे बाण उलटतात, पण व्हिडिओ सुरू करण्याचे चिन्ह तसेच राहते आणि आकडे डावीकडून उजवीकडेच वाचले जातात, त्यामुळे अरबी वाक्यात आलेला दूरध्वनी क्रमांक वेगळा बांधून ठेवला नाही तर त्याचे गट आपली जागा बदलतात. डाव्या-उजव्या समासांऐवजी ‘आरंभ’ आणि ‘शेवट’ या संकल्पनांवर सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारे कोड) लिहिल्याने दोन स्वतंत्र फायली सांभाळण्याचा त्रास संपला. अर्जांचा अनुभवही असाच आहे. हाँगकाँगमध्ये पिनकोड नाही आणि इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असते. तरीही आडनाव व पिनकोड सक्तीचे ठेवणारे अर्ज सर्रास दिसतात आणि ग्राहक तिथे काहीतरी खोटे भरून पुढे जातो. मग पत्ते अचूक नाहीत, अशी तक्रार कंपनीच करते!

किमतींविषयी थोडक्यात. युरोपीय ग्राहकाला करासहित किंमत दिसणे अपेक्षित असते, तर अमेरिकेत विक्रीकर शेवटी मिळवला जातो; तेव्हा चलनाचे चिन्ह बदलून भागत नाही. पैसे भरण्याच्या पद्धतीही देशागणिक ठरतात. नेदरलँड्समध्ये आयडील किंवा ब्राझीलमध्ये पिक्स नसेल, तर बाकीचे स्थानिकीकरण कितीही उत्तम असले तरी ग्राहक शेवटच्या पानावरून परत जातो. आमच्याकडे अंदाजपत्रकात छायाचित्रे बदलण्यासाठी रक्कम होती, यासाठी नव्हती.

धागा सुरू करणाऱ्यांनी ‘कोणी ठरवायचे’ असे विचारले आहे, त्याविषयी. आमच्याकडे प्रत्येक देशातील विक्री प्रतिनिधी मजकूर तपासत असत. ते हे काम आपले मुख्य काम सांभाळून करत. त्यामुळे तपासणी आठवडेच्या आठवडे रखडे आणि परत येई तेव्हा त्यात चुकांपेक्षा वैयक्तिक आवडीनिवडीच अधिक असत. पुढे आम्ही प्रतिनिधींना सुटा मजकूर न देता प्रत्यक्ष पानावरच तपासणी करायला सांगितले, प्रत्येक सूचनेला तथ्य, कायदा, संज्ञा की शैली असे कारण जोडणे बंधनकारक केले आणि मुदतीत उत्तर न आल्यास पान प्रसिद्ध होईल, असे लेखी कळवले. कायद्याची बाजू मात्र त्यांच्यावर सोडली नाही. जर्मनीत व्यावसायिक वेबसाइटवर चालकाची कायदेशीर ओळख देणारे पान लागते, क्वेबेकमध्ये फ्रेंच आवृत्ती इतर भाषेपेक्षा दुय्यम ठेवता येत नाही. अशा ठिकाणी त्या देशातील वकिलाचा शब्द अंतिम राहिला. शैलीबाबतचा शेवटचा निर्णय प्रत्येक भाषेसाठी नेमलेल्या एकाच संपादकाकडे ठेवला आणि त्याच्या कामाचा मोबदला विपणनाच्या खर्चातून न देता वेबसाइटच्या कायम खर्चात धरला.