पणजोबा नेव्हीच्या रिझर्व्हमध्ये होते, कागद कसा वाचायचा?

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी, आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत होते एवढंच घरात सगळ्यांना माहीत. परवा आत्याकडे पत्र्याच्या पेटीत त्यांचं सर्व्हिस सर्टिफिकेट निघालं, जाड कागद आहे, घडीवर विरलाय आणि एक कोपरा गेलाय (उंदीर बहुतेक). भरती १९२८, रॉयल इंडियन मरीन, स्टोकर (म्हणजे बॉयलरवरचा खलाशी). १९३८ नंतर काहीच नाही आणि मग एकदम सप्टेंबर १९३९ ला परत एंट्री. पुढे जहाजांची नावं आहेत, डलहौसी, सतलज, शिवाजी, कॅसल बॅरॅक्स. दरवर्षी ३१ डिसेंबरला व्ही.जी. असं लिहिलंय. मेडलं कोणी विकली की हरवली देव जाणे, छातीवर लावायची रिबनची पट्टी तेवढी राहिलीय.
आजोबा म्हणायचे ते रिझर्व्हवाले होते, पण नेटवर बघितलं तर रिझर्व्हमध्ये सगळे ऑफिसरच दिसतात, हे तर साधे स्टोकर. शिवाजी नावाच्या जहाजाचा युद्धातला काही पत्ता लागत नाही. आणि काका छातीठोकपणे सांगतात की ४६ च्या बंडात होते म्हणून इंग्रजांनी काढलं. कागदावर तर रिलीज एप्रिल १९४६ एवढंच आहे. कुणाला यातलं काही कळतं का?

जुने_कागद:
आजोबा बरोबर आहेत. तुम्ही नेटवर जे बघितलं ते आर.आय.एन.आर. (रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्ह) आणि आर.आय.एन.व्ही.आर. (रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्ह), पहिल्यात मर्चंट नेव्हीतले आणि दुसऱ्यात ज्यांचा दर्याशी संबंध नव्हता असे लोक युद्धापुरते ऑफिसर म्हणून घेतले. खलाशांचं वेगळं असतं. दहाएक वर्षं नोकरी झाली की माणसाला घरी सोडायचे पण फ्लीट रिझर्व्हच्या यादीत नाव ठेवायचे, युद्ध लागलं की बोलावणं. तुमच्या कागदावरचा ३८-३९ चा रिकामा भाग म्हणजे तेच, तेव्हा ते घरी शेती नाहीतर होडी बघत असणार. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तुमची एंट्री, अगदी जुळतंय.
मरीनची नेव्ही झाली २ ऑक्टोबर १९३४ ला, म्हणून मधल्या पानावर शिक्का बदललेला दिसेल. त्या काळी तिथले खलाशी बरेचसे आपल्या रत्नागिरीकडचेच. युद्धाच्या सुरुवातीला सगळी नेव्ही मिळून दोनेक हजार माणसं, शेवटी तीस हजाराच्या घरात. नव्या पोरांना बॉयलर शिकवायला असले जुने लोक म्हणजे सोनं.
आणि शिवाजी समुद्रात शोधू नका, ते लोणावळ्याला आहे 😄 नेव्हीत जमिनीवरच्या तळालाही जहाजाचंच नाव देतात. इंजिनखात्याचं ट्रेनिंग सेंटर, फेब्रुवारी १९४५ ला सुरू झालं, आजही आयएनएस शिवाजी म्हणून चालू आहे. डलहौसी हा मुंबईतला डेपो, कॅसल बॅरॅक्स ही तिथलीच खलाशांची बराक. म्हणजे तुमच्या यादीत तरंगणारं खरं जहाज एकच, सतलज.

बोट_सुटली:
सतलजवर कधीपासून कधीपर्यंत? आणि पट्टीतले रंग सांगा जरा

खाडीकाठ:
सतलज सप्टेंबर ४२ ते डिसेंबर ४४. रंग फिके झालेत पण एक लाल पांढरा हिरवा पांढरा लाल असा स्पष्ट आहे.

बोट_सुटली:
अहो मग ती इटली स्टार या मेडलची रिबन आहे!! जुलै १९४३ ला सिसिलीवर दोस्तांच्या फौजा उतरल्या तेव्हा सतलज आणि जमना या आपल्या दोन स्लूप (छोट्या युद्धनौका) तिथे होत्या. ११ जून १९४३ नंतर भूमध्य समुद्रात लढाईवर असलेल्यांना ती स्टार. तारखा आणि रिबन दोन्ही एकाच ठिकाणी बोट दाखवतायत, तुमचे पणजोबा सिसिलीला इंजिनरूममध्ये होते असं मी तरी बिनधास्त म्हणेन. स्टोकर म्हटलं की लोकांना फावडं आणि कोळसा दिसतो, सतलज तेलावर चालायची, काम बर्नर, पंप, प्रेशर यांचं. वर तोफा वाजत असताना खाली लोखंडी पेटाऱ्यात उभं राहायचं आणि बाहेर काय चाललंय ते फक्त आवाजावरून समजायचं, मला तर विचारानेच घाम फुटतो.

दप्तरी:
बंडाचं बोलतो. आधी तो कोपरा नीट बघा, कुरतडलाय की कात्रीने सरळ कापलाय? रॉयल नेव्हीच्या सर्टिफिकेटवर नियमच छापलेला असायचा, बॅड कॅरेक्टर नाहीतर बेअब्रू होऊन काढलं तर कोपरा कापायचा, म्हणजे पुढे नोकरी मागायला गेला की समोरच्याला न वाचताच कळावं. आपले फॉर्म त्याच धर्तीचे. शिवाय शिस्तीच्या कारणाने घालवलेल्यांच्या कागदावर बऱ्याचदा 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' असा शेरा असतो, आद्याक्षरं एस.एन.एल.आर.

खाडीकाठ:
कुरतडलेलाच आहे, दातांचे बारीक खाचे दिसतात. एस.एन.एल.आर. कुठेच नाही. शेवटचा शेरापण व्ही.जी. कॅसल बॅरॅक्स नोव्हेंबर ४५ ते रिलीजपर्यंत.

दप्तरी:
मग काढलं वगैरे नाही. व्ही.जी. म्हणजे व्हेरी गुड, ४६ ला हजारो लोक असेच घरी पाठवले, युद्ध संपलं होतं. पण काकांना इतक्यात खोटं पाडू नका. ज्याला बंड म्हणतात तो खलाशांचा संप १८ फेब्रुवारीला तलवारवर (मुंबईतला नेव्हीचा जमिनीवरचा तळ) सुरू झाला आणि २१ ला गोळीबार झाला तो कॅसल बॅरॅक्सलाच. तारखा बरोबर असतील तर पणजोबा तेव्हा त्याच बॅरॅक्सच्या हजेरीपटावर होते. रजेवर होते की आत, संपात की बाजूला, ते या कागदावरून कळणार नाही, पण घरात बंडाची गोष्ट उगाच आलेली नाही. चाळिशीला आलेला, पेन्शनकडे डोळे लावून बसलेला माणूस तेव्हा काय करेल याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.
पुढे मानखुर्दला चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्स आहे, खलाशांचं रेकॉर्ड तिथे असतं, ऑफिशियल नंबर घालून अर्ज करा. अभिलेख पटल या वेबसाइटवर पण शोधा, तिथे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फायली आहेत, माणसाचं नाव नाही मिळालं तरी सतलजचं काहीतरी मिळू शकतं. नंबर इथे टाकू नका.

जुने_कागद:
अर्जाला झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणी कितीही मागितला तरी हातातून सोडू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, विरलेल्या घडीची वाट लागते. रिबन पण धुवायला जाऊ नका, उरलासुरला रंग जाईल.