मदत हवी आहे: आईचा जुना फोन, वायफाय लागतंय पण नेट नाही

मंडळी, आईच्या अँड्रॉइड ४.४ वाल्या फोनमधले तिचे व्हॉइस मेसेज काढायचेत, ती आता नाही त्यामुळे काहीही करून हवेच आहेत. बॅटरी पूर्ण उतरल्यावर तारीख मागे गेलेली ती नीट केली, तरी वायफाय कनेक्टेड दाखवतं आणि गुगलला साइन इन काही होत नाही, मग बॅकअप कुठून घेणार. व्हॉट्सअ‍ॅप तर या व्हर्जनवर बंदच झालंय. कॉम्प्युटरला लावला की नुसतं चार्जिंग, केबल बदलली, एमटीपी (फाइल ट्रान्सफरचा पर्याय) पण सिलेक्ट केलं. फाइल मॅनेजरमध्ये व्हॉइस नोट्सच्या ओपस फाइल्स मात्र दिसतायत. त्या मेमरी कार्डवर कॉपी केल्या तर दुसऱ्या फोनवर वाजतील ना, की ब्लूटूथने पाठवू? दुकानदार रीसेट मारा म्हणतोय, ते अजिबात करायचं नाहीये, सगळंच जाईल.