देगूचा औषधी बाजार आणि त्याचा उत्सव: बाबांना घेऊन जावं का?

लक्ष्मीपुरीची_लेक:
नमस्कार मंडळी. भाऊ दक्षिण कोरियात देगूला पोस्टडॉक करतोय. मे महिन्यात आई-बाबांना घेऊन मी जाणार आहे. तिथं जुन्या औषधी बाजाराचा उत्सव असतो म्हणे. बाबांचं कोल्हापुरात काष्ठौषधींचं दुकान होतं. हिरडा हातात घेतला की कुठल्या रानातला ते सांगतात. त्यांना नुसतं स्टेज आणि नाचगाणी बघायला न्यायचं नाही. तिथं खरा व्यापार दिसतो का? त्यांचे गुडघे दुखतात, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. काय बघावं, काय आणावं?

पंचगंगेकाठची:
ताई, नक्की न्या! मिस्टरांच्या संशोधनासाठी आम्ही देगूलाच राहिलो, आणि त्या गल्लीत मी सारखी जायचे. माझं ऐकाल तर उत्सवाची गर्दी एक दिवस बघा, पण बाबांना त्याआधी किंवा नंतर एका साध्या दिवशी सकाळी परत न्या. दुकानदाराला बोलायला वेळ तेव्हाच असतो.

बाजार १६५८ पासूनचा मानतात. पूर्वी वसंतात आणि शरदात असा वर्षातून दोनदा भरायचा, देशभरातले व्यापारी यायचे. जपानी राजवटीत १९४१ मध्ये तो बंद पाडला होता. आज ती दुकानांची कायमची गल्ली आहे. मेट्रोनं बानवोलदांगला उतरलात की चालत जवळच, त्यामुळं गुडघ्यांची फार काळजी नको. गल्लीत शिरायच्या आधीच वास येतो.

बाबांना ओळखीचं खूप भेटेल. ज्येष्ठमध तर कोरियन वैद्यांच्या बहुतेक काढ्यांत पडतो. सुंठ, जाड सालीची दालचिनी, वाळलेली लाल बोरं पोत्यांनी दिसतात. जिनसेंग मात्र त्यांना सावकाश बघू द्या. ओलं, सोलून वाळवलेलं पांढरं आणि वाफवून वाळवलेलं लाल, असे तीन प्रकार एकाच मुळाचे. सहा वर्षांचं मूळ सगळ्यात भारी मानतात. भाव विचारताना लक्षात ठेवा, औषधी मालाचं तिथलं जुनं माप 'गन', म्हणजे ६०० ग्रॅम. अजूनही बोलताना तेच वापरतात.

उत्सवात मला सगळ्यात आवडली ती मुळ्या कापायची स्पर्धा. आपल्या अडकित्त्यासारखी, पण हातभर लांब कातरी असते, आणि चकत्या कागदासारख्या पातळ पडतात. औषधाच्या पुड्या बांधायलाही शिकवतात. बाबांचा हात तिथं सगळ्यांच्या पुढं चालेल, बघाच. शिवाय माणसाची प्रकृती बघून सांगणारे वैद्य बसतात. आपल्याकडं वात-पित्त-कफ, त्यांच्याकडं चार प्रकृती. ही पद्धत ई जे-मा या वैद्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मांडली. भावाला दुभाषा म्हणून शेजारी बसवा, नाहीतर ते बोलणं वाया जाईल.

गल्लीतच औषधांचं संग्रहालय आहे, तिथं बसायलाही मिळतं. चहाच्या दुकानात 'संग्ह्वाचा' म्हणून कडवट काढा मिळतो. काही ठिकाणी त्यात कच्च्या अंड्याचा बलक घालतात. आई शाकाहारी असतील तर आधीच सांगा.

वैद्य_गगनबावडा:
बघायला जरूर जा, पण बाबांना तिथं काही घ्यायला देऊ नका. रक्त पातळ करायच्या गोळीचा, विशेषतः वॉरफॅरिनचा, जिनसेंगमुळं परिणाम बदलू शकतो. ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर बीपी चढतं, हे बाबांना दुकानदार म्हणून ठाऊक असेलच. घोटभर चाखायचं असलं तरी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. हाच नियम आपल्या काढ्यांनाही लागू आहे, मी माझ्या रुग्णांनाही तेच सांगतो.

येताना ओली मुळं, बी, माती लागलेलं काहीही आणू नका, विमानतळावर अडकेल. हरणाचं शिंग तिथं औषध म्हणून उघड विकतात, त्याला तर हातच लावू नका.

शाहूपुरी_ते_सोल:
सोलला दोन दिवस असाल तर जेगी-दोंगचा बाजारही करा. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर स्टेशन आहे. देगूपेक्षा खूप मोठा, घाऊक माल तिथंच. पण फिरणं जास्त, गुडघ्यांसाठी देगूच बरं. आणि ह जुन या राजवैद्याचा 'दोंगुई बोगाम' हा ग्रंथ १६१३ मध्ये छापला गेला, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. संग्रहालयात जाण्याआधी बाबांना त्याबद्दल सांगून ठेवा, मग तिथल्या वस्तूंची संगती लागते.

लक्ष्मीपुरीची_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे. बाबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच वही काढून प्रश्न लिहिले: पावसाळ्यात माल कशात ठेवता, कीड लागू नये म्हणून काय करता, रानातला आणि लावलेला माल वेगळा कसा ओळखता. भावाला आजच पाठवते, कोरियन भाषेत लिहून ठेवेल. हिरडा आणि वावडिंग दाखवायला नमुना न्यायचा म्हणतायत, चालेल का?

वैद्य_गगनबावडा:
नमुना नको, तिकडच्या तपासणीतही तीच अडचण. वहीत मोठे फोटो चिकटवा आणि खाली शास्त्रीय नावं लिहा. ती कुठल्याही देशात कळतात.